एएफ आहे म्हणून बाबांचं चालणं बंद करू नका

प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६४ वर्षांचे. रोज सकाळी पाच किलोमीटर चालायचे. धडधड झाली, दम लागला म्हणून दवाखान्यात नेलं तर ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ निघालं. रक्त पातळ ठेवणारी एक आणि ठोके आवरणारी एक अशा दोन गोळ्या सुरू झाल्या, बीपीची जुनी होतीच. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम करा. हलका म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं. चालताना घड्याळ कधी ९६ दाखवतं, कधी १४८. आईने घाबरून त्यांचं फिरणं बंद केलं, आता जिनाही चढू देत नाही. तीन महिन्यांत वजन चार किलोंनी वाढलं. व्यायाम करावा, की त्याने ठोके आणखी बिघडतील?

करावा. ‘थोडा केला तर चालेल’ अशा अर्थाने नाही म्हणत मी. गोळ्यांच्या जोडीला आणखी एक औषध म्हणून, मात्रा ठरवून, न चुकता करावा. आईंची भीती मला कळते, कारण समोर बसलेल्या घरच्या माणसांच्या चेहऱ्यावर मी ती रोज बघते. पण या तीन महिन्यांत जे झालंय, वजन वाढलं, जिन्याची धास्ती बसली, ते एएफला पोसणारं आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १९ वर्षं हृदयरुग्णांच्या व्यायामाचं काम करते. बायपास झालेला माणूस आमच्याकडे हमखास येतो, अँजिओप्लास्टीवालाही बऱ्याचदा येतो. एएफचा माणूस मात्र गोळ्या घेऊन थेट घरी जातो आणि सोफ्यावर बसतो. सहा-आठ महिन्यांनी दम वाढला म्हणून कुणी पाठवलंच, तर या दमातला एएफचा वाटा किती आणि बसून गेलेल्या ताकदीचा किती, हे निवडत बसावं लागतं. दुसरा वाटा बहुतेकांना वाटतो त्याहून पुष्कळ मोठा निघतो, असा माझा अनुभव आहे.

आधी घड्याळाचं बघू, कारण घरातली भीती तिथून सुरू झालीय. एएफमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० अशा विस्कटलेल्या लहरी फिरत असतात. ते कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाचा नाका आहे. तो यातल्या बऱ्याच लहरी अडवतो, काही सोडतो, आणि सोडताना काही क्रम पाळत नाही. म्हणून नाडीला लय राहत नाही. चालायला लागलं की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढतं, नाका सैल होतो आणि ठोके एकदम वाढतात. एरवी नाडी हळूहळू चढते, एएफमध्ये ती उडी मारते. शरीराची सवय मोडली असेल तर ही उडी आणखी मोठी असते.

त्यात मनगटावरचं घड्याळ ठोका मोजत नाही, ते प्रकाशाने रक्ताची लाट मोजतं. दोन ठोके फार जवळजवळ आले तर दुसऱ्याच्या वेळी हृदय पुरतं भरलेलंच नसतं. त्याची लाट मनगटाशी येईपर्यंत विरते आणि घड्याळाच्या हिशोबातून सुटते. पुढच्या क्षणी पुन्हा सगळे ठोके पकडले जातात. मिनिटाच्या अंतराने ९६ आणि १४८ दिसले म्हणून आत तेवढी उलथापालथ झाली असं समजू नका.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या होत्या, ५८ वर्षांच्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. बोटाला ऑक्सिमीटर लावूनच हॉलमध्ये चालायच्या, नजर सगळी त्याच्यावर. ८८, १३१, ७९, १२२. मोठा आकडा दिसला की थबकायच्या, थबकल्या की घाबरायच्या, घाबरल्या की आकडा आणखी वर. तिसऱ्या दिवशी मी तो काढून माझ्या खिशात टाकला आणि म्हटलं, मावशी, बाराचा पाढा म्हणत चला, मोठ्याने. त्या हसल्या. मग म्हणायला लागल्या. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण न थांबता चाललोय.

एएफमध्ये व्यायामाचा जोर नाडीवर ठरवता येत नाही, तो श्वासावर ठरवायचा. पाढ्याची एक ओळ एका श्वासात झाली, मग श्वास घेतला आणि पुढची ओळ म्हटली, तर वेग बरोबर आहे. आरामात गाणं गाता येत असेल तर थोडं भरभर चाला. ‘बारा पंचे’ म्हणून ‘साठ’साठी श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला. ज्यांना आकडाच हवा असतो त्यांना मी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची मोजपट्टी देते. तीत ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. बाबांनी सुरुवातीला ११ च्या आसपास, महिन्याभराने १२ ते १३ वर राहायचं. ठोके आवरणाऱ्या गोळ्यांनी नाडी मुळातच दाबलेली असते, त्यामुळे ‘२२० वजा वय’ हे जिममधलं सूत्र तर बाबांसाठी पूर्ण बाद समजा.

आता मुख्य शंका, ठोके बिघडतील का? याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या अभ्यासात मिळतं. अधूनमधून एएफ होणाऱ्या ५१ जणांच्या छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवलं, म्हणजे ‘मला बरं वाटतं’ यावर विसंबायला नको, प्रत्येक ठोक्याची नोंद मिळते. निम्म्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, चार मिनिटं जोरात आणि मग हळू असे चार फेरे केले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. व्यायाम करणारे आधी ८.१ टक्के वेळ एएफमध्ये असायचे, ते ४.८ टक्क्यांवर आले. हे फेरे न करता नेहमीच्याच सवयींवर राहिलेल्यांचं प्रमाण १०.४ वरून १४.६ टक्क्यांवर गेलं. अभ्यास लहान आहे, आणि ते जोराचे फेरे देखरेखीखाली झाले होते, बाबांना मी पहिल्या दिवसापासून तसं काही सांगणार नाही. पण आईंना दाखवायला हेच आकडे घ्या. जादा व्यायाम न केलेल्या गटाचं एएफ त्या तीन महिन्यांत वाढलं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये प्रशांतन सँडर्स आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं याच मागे आहेत. २०१५ मध्ये त्यांनी ३५५ स्थूल रुग्णांचा पाच वर्षांचा हिशोब मांडला. ज्यांनी वजन १० टक्के किंवा जास्त उतरवलं आणि तिथेच टिकवलं, त्यांच्यापैकी सुमारे ४६ टक्के लोक औषध आणि ॲब्लेशनशिवाय (म्हणजे नळी घालून हृदयातली बिघाडाची जागा निकामी करण्याच्या उपचाराशिवाय) एएफपासून मोकळे राहिले. तीन टक्क्यांहून कमी उतरवलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. वजन वरखाली होत राहिलं की फायदा बराचसा निसटला, म्हणून दोन महिन्यांत १० किलो उतरवून देणाऱ्या जाहिरातींच्या मागे लागू नका. त्याच गटाने त्याच वर्षी ३०८ जणांत दमसास तपासला. ताकदीचं माप तिथे ‘मेट’मध्ये होतं. स्वस्थ बसलो की एक मेट, सपाटीवर सावकाश चाललो की साधारण तीन. व्यायामाने ज्यांची क्षमता जितके मेट वाढली, त्या प्रत्येक मेटमागे एएफ परतण्याची शक्यता ९ टक्क्यांनी कमी झाली, आणि ही घट वजन उतरल्याच्या फायद्याशिवायची. म्हणजे काटा हलला नाही तरी चालणं वाया जात नाही. ‘वजन तर कमी होत नाही, मग कशाला चालू’ असं म्हणणारे मला आठवड्याला दोन तरी भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पुढे ॲडलेडमध्येच १२० जणांवर आणखी एक चाचणी झाली. सहा महिने व्यायाम, काही देखरेखीखाली आणि काही घरी, वाढवत वाढवत आठवड्याला २१० मिनिटांपर्यंत. वर्षाअखेर व्यायाम करणाऱ्यांत ४० टक्के लोकांना एएफ परतलं नव्हतं, नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्यांत २० टक्के. अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२३ च्या मार्गदर्शिकेत आठवड्याला २१० मिनिटांचंच लक्ष्य दिलंय. हिशोब सोपा आहे, रोज अर्धा तास, सातही दिवस.

हे होतं कसं, तेही सांगते, कारण कारण कळलं की माणूस टिकून करतो. बीपी जास्त राहिलं, वजन वाढलं, झोपेत घोरताना श्वास अडकत राहिला, की डाव्या वरच्या कप्प्यावर ताण येतो. तो ताणला जातो, त्याच्या भिंतीत व्रणासारखे धागे तयार होतात, हृदयाभोवतीची चरबी सूज आणणारी द्रव्यं सोडते. अशा भिंतीत लहरी सहज भरकटतात. आणि एएफ जितके दिवस राहतं तितकं मुरत जातं. १९९५ मध्ये मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी शेळ्यांच्या हृदयात यंत्राने पुन्हा पुन्हा एएफ सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला क्षणात थांबणारं एएफ नंतर थांबेनासं झालं. नियमित व्यायामाने बीपी उतरतं, ती चरबी घटते, हृदय भरताना सैल व्हायला शिकतं आणि नाडी शांत ठेवणाऱ्या व्हेगस नसेचा ताबा सुधारतो. कुठलीही एक गोळी हे सगळं करत नाही.

ज्यांचं एएफ आता कायमचं झालंय, त्यांनी हे वाचून निराश होऊ नये. त्यांची लय बहुधा परत येणार नाही, पण दम सुधारतो. डेन्मार्कमध्ये कायमचं एएफ असलेल्या ४९ जणांच्या अभ्यासात १२ आठवड्यांच्या व्यायामाने चालण्याचं अंतर वाढलं, रोजचं जगणं सुधारलं. मावशींचं एएफ असंच कायमचं. आता त्या माळ्यावरचा डबा स्वतः उतरवतात, ही खबर त्यांनी मला फोन करून दिली.

सुरू करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना चार गोष्टी विचारून घ्या. बसल्या जागी ठोके मिनिटाला ११० च्या खाली आहेत ना? टूडी इकोत झडपा आणि पंपिंग कसं आहे? थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलंय ना? आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांबद्दल शंका आहे का, स्ट्रेस टेस्ट लागेल का? झडपेचं मी आवर्जून विचारते. लहानपणी ताप येऊन सांधे सुजलेले, नंतर मायट्रल झडप आकसलेली, अशी माणसं आपल्याकडे अजून खूप आहेत आणि त्यांना एएफ तरुण वयातच होतं. आकसलेल्या झडपेतून रक्त उतरायला वेळ लागतो. ठोके वाढले की तो वेळ कमी पडतो आणि दाब मागे फुप्फुसात तुंबतो. अशांनी या लेखातल्या मिनिटांवर जाऊ नये, आधी झडपेचा निर्णय व्हावा.

बाबांचं उत्तर समाधानकारक आलं असं धरून पुढचं सांगते. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं. पाच किलोमीटरची जुनी सवय त्यांना गप्प बसू देणार नाही, तरी दहाच. मग दर आठवड्याला फेरीमागे दोन-तीन मिनिटं वाढवा, सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन फेऱ्यांची एकच फेरी करा. चालण्यापूर्वी आणि नंतर आठ-दहा मिनिटं अगदी रमतगमत चालणं सक्तीचं आहे. एएफच्या माणसाला मी यावर सर्वात जास्त टोकते, कारण थंड शरीराने जोर धरला की एव्ही नोडचा नाका एकदम सैल होतो, आणि जोरात चालून खटकन थांबलं की बीपी पडून चक्कर येते. बीपीची आणि ठोक्यांची अशा दोन्ही गोळ्या घेणाऱ्याला तर जास्तच.

आठवड्यातून दोनदा ताकदीचं काम. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, लिटरभर पाण्याच्या बाटल्या दोन हातांत घेऊन खांद्यापर्यंत नेणं. उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. गॅस सिलिंडर किंवा धान्याचं पोतं दम कोंडून ओढणं मात्र आता दुसऱ्या कुणी करावं. जिना चढू द्या. सुरुवातीला एक मजला, मधे थांबून, कठड्याला हात लावून.

उन्हाळ्यात पहाटे चाला, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. लघवीची गोळी चालू असेल तर घामाने पाणी आणि क्षार कमी पडून ठोके उधळतात, पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवा. जेवल्यावर दीड-दोन तास जाऊ द्या. ताप असेल, रात्रभर झोप झाली नसेल, तर त्या दिवशी सुट्टी.

योगाबद्दल विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात धनंजय लक्कीरेड्डी यांनी ४९ जणांना तीन महिने, आठवड्यातून दोनदा तासभर योग शिकवला. जाणवणारे एएफचे झटके सरासरी ३.८ वरून २.१ वर आले, अस्वस्थताही कमी झाली. जरूर करा. मी फक्त जोरकस कपालभाती, भस्त्रिका आणि लांब कुंभक सुरुवातीला ठेवत नाही. शांत, लांब उच्छ्वासाचा प्राणायाम पुरतो.

चालताना एएफ सुरू झालं तर? एकदम थांबू नका, वेग कमी करत सावलीत बसा. बहुतेक वेळा दहा-वीस मिनिटांत निवळतं. छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी, बसूनही न थांबणारी धाप, यातलं काही झालं तर थेट दवाखाना. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यात तर दहा मिनिटंही वाट बघू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर असताना डोक्यावर पडलं तर वरून काही दिसत नसलं तरी दाखवून या. म्हणून रहदारीतली सायकल किंवा ट्रेकमधला निसरडा उतार यापेक्षा मैदान, बागेतला ट्रॅक, घरातली स्थिर सायकल बरी. आणि ‘धडधड झाली तर खिशातली फ्लेकेनाइडची, म्हणजे लय परत आणणारी, गोळी घ्या’ असं कुणाला सांगितलं असेल, तर ती घेतल्यावर त्या दिवशी व्यायाम नाही, पुन्हा कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारूनच.

व्यायामाने एएफ दिसेनासं झालं तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून सोडायची नाही. एएफमध्ये पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो आणि गोळी लागते की नाही हे वय, बीपी, मधुमेह, पूर्वी झालेला पक्षाघात यावर ठरतं. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडून पक्षाघाताने परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. ते बघणं मला अजूनही सहन होत नाही.

व्यायामाला वरची हद्दही आहे. स्वीडनमध्ये वासालोपेत नावाची ९० किलोमीटरची स्की शर्यत असते. तिच्या ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांचा माग काढला, तेव्हा पाच किंवा जास्त शर्यती केलेल्यांत एएफचं प्रमाण एकच शर्यत केलेल्यांपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त निघालं. चाळिशीनंतर मुंबई, पुणे, साताऱ्याच्या शर्यतींची पदकं भिंतीवर लावणाऱ्या मंडळींनी धडधडीकडे दुर्लक्ष करू नये, एवढंच. बाबांचा अर्धा तास या हद्दीच्या आसपासही नाही.

दारू असेल तर थांबवा, घोरत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. त्या दुरुस्त्या केल्याशिवाय चालण्याचा पुरता गुण येत नाही.

एक वही करा. तारीख, किती मिनिटं चालले, पाढा कुठल्या ओळीला तुटला, धडधड झाली का, आणि सकाळचं बीपी. बारा आठवड्यांनी तीच वही डॉक्टरांपुढे ठेवा, गोळीची मात्रा ठरवताना त्यांना ती उपयोगी पडते. आईंना पहिल्या दिवसापासून बरोबर न्या. पाढा बाबांनी म्हणायचा, त्यांनी शेजारून चालत ऐकायचं, कुठे श्वास अडतो ते. घड्याळ घरी राहू दे.